पाळण्याच्याही आधी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सकाळी पाणी तापलं की आजी अंगणात पाटावर बसते, पाय लांब करते आणि नातवाला नडग्यांवर पालथं घेते. तेलाचा हात पाठीवरून फिरतो, तांब्यातलं ऊन पाणी पडतं आणि बाळ घर डोक्यावर घेतं. पंचा घेऊन बाळाची चौदा वर्षांची मावशी शेजारी उभी असते. भोवतीच्या बायकांचं तोवर सुरूच झालेलं असतं. नाक आजोबांचं, कपाळ बापाचं, कानाच्या पाळ्या थेट आत्याच्या. ‘मामासारखा हट्टी निघणार बघ,’ असं एक म्हणते. दुसरी म्हणते, ‘हाडापेरानं बारीक आहे, पण खाऊपिऊ घातलं की धरेल बाळसं.’

या दोन वाक्यांत माणसाला पडलेला फार जुना प्रश्न आहे. माणूस घडतो तो सोबत आणलेल्या वारशातून, की इथे मिळालेल्या अन्नातून, मायेतून आणि हालअपेष्टांतून? ‘खाण तशी माती’ म्हणणारे आपणच आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असं म्हणणारेही आपणच. वाण आणि गुण, दोन्ही बाजू आपल्या म्हणींनी कधीच मांडून ठेवल्या आहेत. जीवशास्त्रानं त्या दोन बाजूंमध्ये जे शोधून काढलं, ते मात्र कुठल्याही म्हणीत मावलं नसतं. त्यातला एक फार मोलाचा धागा पुण्याजवळच्या सहा गावांत, अशाच तान्ह्या बाळांच्या पाठीवर सापडला.

खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली, चिमटीत धरता येईल अशी कातडीची एक घडी असते. कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या साधनानं तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. त्यावरून कातडीखाली चरबी किती आहे, याचा अंदाज येतो. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साथीनं, या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. अभ्यासातल्या कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जायच्या आणि लग्न झालेल्या बायकांच्या पाळीच्या तारखा टिपायच्या. एखादीला दिवस गेले की तिचं वजन, उंची, ती दिवसभरात काय खाते, शेतात आणि पाण्यासाठी किती राबते, तिच्या रक्तात काय कमी आणि काय जास्त आहे, सगळं नोंदलं जायचं. बाळ झालं की ७२ तासांच्या आत त्याची मोजमापं घेतली जायची. त्यात ही पाठीवरची घडीही होती.

या आयांचं गरोदर होण्यापूर्वीचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. पूर्ण दिवसांची त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. म्हणजे आपलं बाळ आठशे ग्रॅमनं कमी. आता कुणालाही वाटेल की बाळ लहान म्हणजे त्याचं सगळंच त्या प्रमाणात लहान असणार. तसं नव्हतं. या बाळांच्या पोटाचा घेर इंग्रज बाळांच्या मानानं फारच कमी होता आणि पोटाच्या घेरात यकृतासारखे अवयव येतात. दंडही बारीक होता, म्हणजे स्नायू कमी. डोकं आणि लांबी यांत घट होती, पण त्याहून कमी. आणि पाठीवरची ती घडी? सगळ्या मोजमापांत सर्वांत कमी घट तिच्यातच होती. वजनाच्या काट्यावर अशक्त दिसणाऱ्या या बाळानं स्नायू सोडले होते, अवयवांवर काटकसर केली होती, आणि चरबी मात्र कनवटीला जपून ठेवली होती. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा संशोधकांनी या बाळाचं वर्णन ‘थिन-फॅट’ असं केलं. दिसायला बारीक, आतून लठ्ठ.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत : याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या लेखी दोघं जुळे भाऊच. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे, हे खरं. तरीही त्या चित्राकडे बघताना आपल्या घरातली कितीतरी माणसं आठवतात. हातापायांच्या काड्या, पोट थोडं पुढे, वजन ‘नॉर्मल’ आणि चाळिशीतच साखर. ‘इतका सडपातळ माणूस आणि त्याला डायबेटिस?’ असं आपण हळहळून म्हणतो. त्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आईच्या पोटात होते.

हे सुचलं कुणाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य अधिकारी होत्या. त्यांच्या हाताखालच्या सुइणी आणि परिचारिका १९११ सालापासून प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन चोपड्यांत टिपत असत. बाळं जगावीत, एवढाच त्यामागचा हेतू. या चोपड्या पुढे कित्येक दशकांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी त्या नोंदींवरून माणसं शोधली. कोण किती जगलं आणि कशानं गेलं, हे ताडून पाहिलं. १९८९ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष तेव्हाच्या डॉक्टरांना पटायला जड गेला : जे मुलगे तान्हेपणी वजनानं कमी होते, त्यांच्यात पुढे मोठेपणी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त होतं. सुइणीनं काट्यावर पाहिलेला आकडा आणि म्हातारपणीचं हृदय यांच्यात एक तार होती. ती तार पोटातल्या नऊ महिन्यांतून जात होती.

आता साहजिक वाटेल की म्हणजे जनुकांचं महत्त्व कमी आणि परिसराचं जास्त. इथेच थोडं थांबायला हवं, कारण नेमकी इथेच आपली वाट चुकते.

भाकरीचं उदाहरण घ्या. ज्वारीचं पीठ, पाणी, तवा, आच. आता कुणी विचारलं की या भाकरीत पीठ किती टक्के आणि आच किती टक्के, तर या प्रश्नाला उत्तर नाही. पिठाशिवाय भाकरी नाही आणि आचेशिवायही नाही. पीठ आणि आच शेजारी शेजारी बसत नाहीत, ती एकमेकांत घडतात. आणखी एक गोष्ट रांधणाऱ्यांना ठाऊक असते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. थापायला घेतलं की भाकरी चिरते, कडा फाटतात. जाणती बाई अशा वेळी पीठ फेकून देत नाही. ती उकळतं पाणी घेते, पीठ उकडून मळते, आणि त्याच पिठाची भाकरी तव्यावर टम्म फुगते. पिठातला दोष खराच होता. पण तो दोष भाकरीत उतरायचा की नाही, हे पाण्यानं ठरवलं.

माणसाच्या बाबतीत असं खरंच घडलेलं आहे. १९३४ साली नॉर्वेमध्ये एक आई आपली दोन मतिमंद मुलं घेऊन आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलं जन्मली तेव्हा धडधाकट दिसत होती, मग मागे पडत गेली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, असं ती अनेक डॉक्टरांना सांगून थकली होती. फोलिंग रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती गडद हिरवी झाली. त्या हिरव्या रंगातून एका आजाराचा उलगडा झाला. तो आजार म्हणजे फिनाइलकीटोनयुरिया. प्रथिनांमध्ये फिनाइलअ‍ॅलनीन नावाचा एक घटक असतो. तो पचवणारं विकर बनवायची कृती एका जनुकात असते. आई आणि बाप दोघांकडूनही ते जनुक बिघडलेलं मिळालं तर फिनाइलअ‍ॅलनीन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं.

आजार शंभर टक्के आनुवंशिक. आणि उपाय? ताटातला. १९५०च्या दशकात हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलनीन अगदी मोजकंच असलेला आहार तयार केला. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन हा आजार ओळखायची सोपी चाचणी शोधली. पहिल्या काही दिवसांत निदान झालं आणि तो आहार सुरू झाला तर मूल चारचौघांसारखं वाढतं, शिकतं, संसार करतं. त्याचं जनुक जसंच्या तसं बिघडलेलंच राहतं. बदललेलं असतं ते फक्त जेवण. मग या मुलाची बुद्धी जनुकांनी दिली की जेवणानं? भाकरीसारखंच इथेही टक्के मागण्यात अर्थ उरत नाही.

उंचीचंही तसंच. एकाच समाजातल्या, बऱ्यापैकी सारखं खाणाऱ्या लोकांची तुलना केली तर उंचीतल्या फरकाचा सुमारे ऐंशी टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. हे वाचून वाटेल की उंची जवळजवळ ठरलेलीच. पण दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. शंभर वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते ताट, पाणी, आजारपणांची संख्या. ते ऐंशी टक्के खरेच होते, फक्त ते ‘या लोकांत, या परिस्थितीत’ एवढ्यापुरते खरे होते. आच सगळ्यांना सारखी मिळाली की भाकऱ्यांमधला फरक पिठाचाच दिसणार.

पण अन्न जनुकांपर्यंत पोचतं तरी कसं? इथे खरोखर थक्क व्हायला होतं.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. डोळ्याच्या पेशीत यकृताची सगळी कृती असते आणि यकृताच्या पेशीत डोळ्याची. तरी डोळा पित्त बनवत नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर डोळ्यांसमोर आणा. तिथे असंख्य मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद सगळे आहेत, पण वाचता येतो तो रुमाल सोडलेला कागद. बांधलेला रुमाल असून नसल्यासारखा. पेशीतला डीएनएही असाच प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. कुठला भाग सोडायचा आणि कुठला बांधायचा, हे ठरवणाऱ्या अनेक खुणा असतात. त्यातली एक म्हणजे मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा हा कण डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतो. बहुतेकदा त्याचा अर्थ होतो : हा रुमाल बांधलेला राहू द्या. अक्षर एकही बदलत नाही. बदलतं ते वाचन. या खुणांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

या खुणांवर भुकेचे वळ उमटतात, हे युरोपातल्या एका भीषण हिवाळ्यानं दाखवलं. सप्टेंबर १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँडमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी बदला म्हणून देशाच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. कालवे गोठले. शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली घसरला आणि काही आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर आला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे १९४५मध्ये सुटका होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसं गेली. त्या काळातही शिध्याचे हिशेब आणि रुग्णालयांतल्या जन्मनोंदी नीट ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे कुठलं बाळ पोटात असताना कितव्या महिन्यात आईची उपासमार झाली, हे पुढच्या संशोधकांना कळू शकलं.

ज्यांच्या आया शेवटच्या महिन्यांत उपाशी होत्या, ती बाळं लहान जन्मली. हे अपेक्षितच होतं. ज्यांना सुरुवातीच्या महिन्यांत भूक भोगावी लागली आणि नंतर अन्न मिळालं, ती जन्मली तेव्हा वजनानं ठीक होती. कुणाला काही वावगं दिसलं नसतं. पण मध्यम वयात त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. २००८ साली बास हायमन्स आणि सहकाऱ्यांनी, ज्यांची गर्भधारणाच त्या उपासमारीत झाली होती अशा साठीच्या माणसांचं रक्त तपासलं. त्यांची तुलना केली ती त्यांच्याच सख्ख्या भावांशी किंवा बहिणींशी, जे दुष्काळाच्या आधी किंवा नंतर पोटात होते. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर दुष्काळातल्या भावंडाच्या मिथाइल खुणा कमी होत्या. आई-बाप तेच, घर तेच. फरक एका हिवाळ्याचा, आणि तो साठ वर्षं पेशींत टिकून राहिला.

या मिथाइल खुणा बनवायला लागणारा माल येतो कुठून? अन्नातून. पालेभाज्या आणि डाळींतलं फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व ही दोघं मिळून शरीराचा मिथाइलचा पुरवठा चालू ठेवतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी २००३ साली उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. उंदरांच्या एका वाणात एक जनुक सताड उघडं राहिलं की पिल्लू पिवळं आणि लठ्ठ होतं. गाभण माद्यांना फोलेट, बी-१२ आणि मिथाइल पुरवणारे आणखी काही घटक जास्त दिले, तेव्हा तेच जनुक असलेली कितीतरी जास्त पिल्लं तपकिरी निपजली. आईच्या जेवणानं पिल्लाच्या केसांचा रंग बदलला होता.

आणि आता पुन्हा त्या सहा गावांत येऊ. तिथल्या गरोदर आयांच्या रक्तात काय दिसलं होतं? फोलेटची कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती, पण बी-१२ मात्र सुमारे दोनतृतीयांश बायकांना कमी पडत होतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोरड्यास, डाळ, भाजी : पोट भरणारं, कष्टकरी जेवण. पण बी-१२ वनस्पतींत नसतं. ते मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ही ताटातली महागाची जागा, आणि घरातल्या सुनेच्या वाट्याला ती शेवटी यायची. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा तपासणीत दिसलं की ज्यांच्या आयांना फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरचं ते पहिलं पाऊल. हीच मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा दहांमागे जवळजवळ तिघांच्या रक्तातली साखर जरुरीपेक्षा जास्त होती.

याच अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्टही होती. ज्या आया गरोदरपणी पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जास्त चांगल्या वजनाची होती. आणि ज्यांना त्या दिवसांत जड कामं उपसावी लागली, त्यांची बाळं लहान होती. परिसर म्हणजे काही हवेत तरंगणारी कल्पना नव्हे. पानातली मेथी, डोक्यावरचा हंडा, हाच परिसर.

पोटातलं बाळ या परिसराचं ऐकत असतं, आणि जन्मानंतरही शरीराचं हे ऐकणं चालूच राहतं. ‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा. जीभ एकदा दातांना लागते, एकदा टाळूकडे वळते. आपल्याला फरक लख्ख ऐकू येतो. इंग्रजी घरात वाढलेल्या मोठ्या माणसाला मात्र तो पकडणं फार कठीण जातं. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हाच ‘त’ आणि ‘ट’चा फरक, हिंदीतले आवाज घेऊन, इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला! ज्या घरात ‘ट’ कधी उच्चारलाच गेला नव्हता, तिथल्या बाळांना. आणि वर्षाच्या आसपास पोचलेल्या बाळांची ती ताकद जवळजवळ नाहीशी झालेली होती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांची शाबूत होती.

याचा अर्थ असा की माणसाचं बाळ जगातल्या कुठल्याही घरात जन्माला येण्याची तयारी करून येतं. हे जनुकांचं देणं. आणि पहिल्या वर्षात, आई-आजीच्या बोलण्यातून, ते ठरवतं की आपलं घर कुठलं. न लागणारे फरक सोडून देतं, लागणारे घट्ट धरतं. आपल्या कानात ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे आहेत ते कुणीतरी पाळण्याशेजारी बसून ‘बाळ’ अशी हाक मारली म्हणून.

पोटातलं बाळ चरबी जपून ठेवतं, तेही असंच ऐकणं असावं, असं बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. वारेतून येणाऱ्या रक्तातून गर्भाला बाहेरच्या जगाची चाहूल लागते : तिकडे अन्न कमी आहे. मग तो मेंदू वाचवतो, बाकीच्यावर काटकसर करतो, साठवण सांभाळतो. बाहेर खरोखरच टंचाई असेल तर हा शहाणपणा कामी येतो. पण बाळ मोठं होऊन शहरात येतं, बसून काम करतं, वडापाव आणि साखरेचा चहा हाताशी असतो. बेत आखला होता एका जगासाठी आणि राहायला मिळालं दुसरंच. पुढचा मधुमेह या फटीतून आत शिरतो.

हे सगळं समजल्यावर बोट आईकडे वळवणं सोपं असतं. ती फार मोठी चूक होईल, आणि अन्यायही. त्या ४२ किलो वजनाच्या मुलीनं आपलं ताट स्वतः वाढून घेतलेलं नव्हतं. आणि गोष्ट तिच्यापाशी सुरूही होत नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे ज्या बीजापासून हे बाळ झालं, ते बीज त्याच्या आजीच्या उदरात तयार झालं होतं. १९९३च्या सुमारास त्या गावांतल्या गरोदर बायकांचं सरासरी वय होतं एकवीसच्या आसपास. त्या पोटात होत्या तो काळ म्हणजे १९७२च्या दुष्काळाच्या आसपासचा. महाराष्ट्रभर बाया रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होत्या, रेशनवर तांबडा मिलो आणि कामावर सुकडी मिळत होती. हा केवळ वयांचा हिशेब आहे, सिद्धांत नव्हे. पण तो मांडला की ‘परिसर’ या शब्दाला तीन पिढ्यांची खोली येते.

म्हणून आता त्या सकाळच्या अंगणात पुन्हा बघताना वेगळं दिसतं. नडग्यांवरचं बाळ आणि त्याला न्हाऊ घालणारी आईची आई, ही दोन माणसं याआधीही एकत्र होती, एका बीजाच्या रूपानं. नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं, हे बायका बरोबरच ओळखतात. पण पाठीवरच्या त्या घडीत आजीची ती वर्षंही असू शकतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, हे खरं. पण त्या पायांची घडण पाळणा टांगण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पुण्याच्या संशोधकांनाही पुढचं पाऊल टाकताना हेच जाणवलं. गरोदरपण कळतं तेव्हा अनेक आठवडे उलटून गेलेले असतात आणि बऱ्याच खुणा तोवर उमटून झालेल्या असतात. म्हणून २०१२ साली त्यांनी बी-१२ देऊन पाहण्याचं ठरवलं ते त्या अभ्यासात जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलांना. मुलींना आणि मुलग्यांनाही, त्यांची स्वतःची बाळं होण्याच्या कितीतरी आधीपासून.

त्या अंगणात पंचा घेऊन उभी असलेली चौदा वर्षांची मावशी आठवते ना? बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतील, आळीव मिळतील, तिची काळजी सगळं घर घेईल. मावशीकडे कुणाचं लक्ष नाही. ती बाळ पंच्यात गुंडाळून घरात नेईल, पाण्याची घंगाळं उचलेल, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलंसुरलं वाढून घेईल. तिच्या पोटात तिच्या बाळांची बीजं आजच आहेत. आज तिच्या ताटात एक वाटी दूध पडलं, एक अंडं पडलं आणि ती सगळ्यांबरोबर पंगतीला बसली, तर ते जेवण फक्त तिचं नसेल.